बेंजोची संहिता आणि तिचे संपादक

ग्रंथाचे होते ते संपादन आणि चित्रपटाचे होते ते संकलन, असा भेद मराठीने केला आहे. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द पुरतो. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातील बेंजो पार्ट्यांच्या चित्रफितींचा विचार करू लागले की मात्र हा भेद टिकत नाही. मांडवात किंवा मिरवणुकीत वाजलेल्या दोन-तीन तासांतून संकलक जे काही मागे ठेवतो, तीच त्या वादनाची उपलब्ध संहिता होते, कारण तिची दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणून संकलनासाठी कोणती संगणकप्रणाली निवडावी, हा वरवर निव्वळ तांत्रिक दिसणारा प्रश्न आम्हांला पाठचिकित्सेच्या प्रांतातला वाटतो. त्याला इतिहासही आहे.

आधी वाद्याविषयी. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते अमेरिकी बॅन्जो नव्हे. ते बुलबुलतरंग होय. त्याचा पूर्वज जपानी. नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताईशोगोतो घडविले. तारांवर टंकयंत्रासारख्या कळा बसविण्याची ही युक्ती समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली आणि येथे रुळली. कोकणपट्टीत त्याला विजेची जोड मिळाली, सोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा आणि मोठा ढोल आले, आणि लग्न, हळद, गणेशोत्सव यांचा एक स्वतंत्र वाद्यवृंद उभा राहिला. रवी जाधव यांच्या २०१६ च्या हिंदी चित्रपटाने या वादकांना पडद्यावर आणले, तेही मुंबईच्या वस्तीतले. पनवेलच्या आगरी-कोळी गावांतला बेंजो त्या पडद्यापासून दूरच राहिला.

या वादनाचे मर्म सुट्या गाण्यांत नसून सांध्यांत असते. कोळीगीतातून चित्रपटगीतात, तेथून एखाद्या भक्तिगीताच्या चालीत वादक शिरतात. लय चढत जाते, ढोल क्षणभर थांबतो, बेंजोवाला एकट्याने चार स्वर छेडतो आणि सगळे पुन्हा समेवर कोसळतात. ही वळणे कोठेही लिहिलेली नसतात. हल्ली तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत ध्वनिचित्रफिती प्रसृत करण्याची रीत आहे, आणि तीत पहिली कात्री याच सांध्यांवर चालते. गाणे तेवढे उरते, बेंजो जातो. ग्रामोफोनच्या तबकडीने रागसंगीताला तीन मिनिटांत बसविले तेव्हा मर्यादा यंत्राची होती. आज यंत्राला ती मर्यादा नाही. ती आपण सवयीने पाळतो.

व्हीएचएसच्या काळात लग्नाच्या कॅसेटचे 'मिक्सिंग' होई. शब्द धंद्यातलाच आहे, आणि नेमका आहे. दोन व्हीसीआर, मध्ये एक मिक्सर, आणि एका फितीवरून दुसरीवर नक्कल. अशा प्रत्येक नकलेत चित्र फिकट होत जाई, रंग पाझरत, आवाजात खरखर वाढे. पोथीवरून पोथी उतरविताना लेखनिकाच्या हातून जे घडे तेच येथे चुंबकीय फितीवर घडत होते, आणि आदर्शप्रत बहुधा उरतच नव्हती, कारण फीत महाग असल्याने मूळ चित्रण पुसून तिचा पुन्हा वापर करणे स्वाभाविक होते. त्यातही मोठा प्रक्षेप ध्वनीचा. वरातीच्या दृश्यावर चित्रपटातील गाणे चढविण्याची प्रथा पडली; दृश्यात बेंजोवाला घामाघूम होऊन वाजवतो आहे आणि ऐकू येते ते मुंबईच्या स्टुडिओतले वाद्यवृंदसंगीत. प्रक्षिप्त ओव्या गाळून मूळ ज्ञानेश्वरी शोधता येते, कारण हस्तलिखिते अनेक आहेत. पुसलेला आवाज शोधायला दुसरी प्रत कोठून आणायची?

संगणकाने या व्यवहाराचा पायाच बदलला. मूळ चित्रणाला हात न लावता कोणता तुकडा कोठून कोठवर घ्यायचा याच्या केवळ सूचना नोंदविणे, हे या नव्या संकलनाचे तत्त्व. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची (१९१९ ते १९६६) पृष्ठरचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते चटकन उमगेल: वर सिद्ध केलेली संहिता, खाली टाकलेले पाठभेद, काहीही नष्ट न करता. पनवेलसारख्या गावी ही सोय घेऊन आली ती प्रामुख्याने एडियस ही प्रणाली. कोबे येथील कॅनोपस कंपनीची ही निर्मिती भारतभरच्या लग्नचित्रण व्यवसायात फार रुजली. (वाद्य जपानी, कात्रीही जपानी, योगायोग, पण गमतीचा.) साध्या संगणकावर ती वेगाने चालते, हे तिचे खरे बळ. तिच्याभोवती तयार साच्यांचा बाजारही उभा राहिला: गाणे, फुले, उडणारी पाखरे सगळे आधीच रचलेले, वधूवरांची छबी तेवढी घालायची. पाठभेद जपण्याचे सामर्थ्य असलेल्या साधनाचा उपयोग पुन्हा जुने मिक्सिंग अधिक चकचकीत करण्याकडेच झाला. हा दोष प्रणालीचा म्हणता येत नाही.

तरीही प्रणालीचे कूळ पाहावे, असे आमचे मत आहे. प्रीमिअर आणि फायनल कट यांची रचना चित्राच्या तुकड्याला प्रमाण मानून झाली. व्हेगास मात्र १९९९ साली केवळ ध्वनीचे अनेक थर जुळविण्यासाठी निघाली, दृश्य तिच्यात नंतर आले. त्यामुळे अखंड ध्वनी खाली पसरून त्यावर चित्रे रचण्याची चाल तिच्या स्वभावातच आहे. दा विंची रिझॉल्व्ह मुळात रंगशोधनाची. २०१७ मध्ये फेअरलाइटची ध्वनिसामग्री तिच्यात आली आणि तिची विनामूल्य आवृत्ती लहान स्टुडिओंच्याही आवाक्यात आहे. जिवंत वादनाच्या संकलनात आधारपाठ ध्वनीचा असला पाहिजे. एक अखंड ध्वनिमुद्रण निवडावे, शक्यतो वेगळ्या यंत्रावरचे, कारण कॅमेऱ्याची वा मोबाइलची स्वयंचलित पातळी ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला आवाज दाबते आणि ताशाचा कडकडाट चेपून टाकते. मग तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रणे त्याच्याशी जुळवावीत. ध्वनिलहरी ताडून ही जुळणी आपोआप करण्याची सोय २०११ च्या फायनल कट प्रो टेनमध्ये होती. आज ती अनेक प्रणालींत आहे. 'वुडस्टॉक' (१९७०) या चित्रपटात थेल्मा स्कूनमेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पडदा दोन-तीन चौकटींत विभागला आणि एकाच क्षणाचे अनेक पाठ एकत्र दाखविले. बेंजोवाला, ढोलवाला आणि नाचणारे असे तीन पाठ शेजारीशेजारी ठेवायला आज घरचा संगणक पुरतो.

याहून नाजूक प्रश्न धवल्यांचा आहे. आगरी लग्नात धवलारीण विधीविधीला धवले गाते. दीर्घ, संथ, एकाच चालीत फिरणारी ही गीते. अंगणात बेंजो आणि आत धवला, असे दोन ध्वनी एकाच वेळी एकाच फितीवर पडतात. संकलकाला त्यांतला एक 'गोंगाट' वाटतो आणि तो गाळला जातो. कोणता, हे सांगायला नको. ज्या मौखिक वाङ्मयावर आपल्या विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात ते असे, एक बटण दाबून, नाहीसे होते. गेल्या दोन दशकांत या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडली. नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या गावांच्या हळदीची चित्रणे कोणाच्या कपाटात असतील, तर वादकांच्या पाठीमागे दिसणारी घरे, अंगणे आणि देवळे हाही आता पाठ आहे. फुलांच्या चौकटीने कडा झाकलेल्या प्रतीत तो निम्मा दिसणार नाही.

म्हणून प्रणाली निवडताना आम्ही एक रूक्ष गोष्ट विचारतो: संकलनाच्या सूचना साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतात का? बहुतेक प्रणालींचे प्रकल्प त्यांच्या स्वतःच्या लिपीत बांधलेले असतात आणि कंपनी बदलली की ती लिपी दुर्बोध होते. व्हेगास तर सॉनिक फाउंड्रीकडून सोनीकडे, सोनीकडून मॅजिक्सकडे गेली. सीएमएक्स यंत्रांच्या काळापासून चालत आलेली एक यादी मात्र आजही अनेक ठिकाणी निघते. तिच्यात फितीचे नाव, आरंभाचा काळ आणि शेवटचा काळ अशा साध्या नोंदी असतात. ती कागदावर छापता येते आणि मूळ चित्रणाच्या डबीत घडी करून ठेवता येते.