धुळीतलं पोटॅश

पोटॅश म्हणजे मुळात भांड्यातली राख. लाकडाची राख पाण्यात कालवायची, निवळ कढईत आटवायची आणि तळाशी राहिलेला खार खरवडून घ्यायचा. आपल्या वैद्यांचा जवखारही जवाच्या राखेतून असाच निघतो. १८६१ मध्ये जर्मनीत स्टासफुर्टला खाणीतल्या क्षारांपासून पोटॅश काढणारा कारखाना सुरू झाला, राखेचा धंदा मागे पडला आणि जगभरची शेती या खतासाठी जर्मनीवर विसंबली.

पहिल्या महायुद्धात हा पुरवठा तुटला. अमेरिकेत पोटॅशचे दर दहापटीच्या वर गेले, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष शेलकडे वळलं. शेल म्हणजे चिखल थराथरांनी दाबला जाऊन बनलेला पापुद्री खडक. त्यात पोटॅश असतं, पण सिलिकेटच्या जाळ्यात अडकलेलं. ते पाण्यात सुटत नाही, म्हणून पिकाला मिळत नाही. ते सोडवायला भट्टी हवी.

भट्टी एके ठिकाणी आधीच पेटलेली होती. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या सिमेंट कारखान्याची धूळ शेजारच्या संत्राबागांवर बसे आणि बागायतदार त्याविरुद्ध झगडत होते. फ्रेडरिक कॉट्रेल या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने, उच्च दाबाच्या विजेने, ती धूळ धुराड्यातच पकडण्यात आली. सिमेंटसाठी चुनखडीबरोबर चिकणमाती किंवा शेल भाजतात. त्या आचेत पोटॅशियमची वाफ होते आणि थंड होताना बारीक धुळीवर बसते. ज्या धुळीवरून भांडण पेटलं, तीच युद्धकाळात खत म्हणून विकली गेली! मला या कुळकथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

केवळ पोटॅशसाठी शेल भाजायचा तर हिशोब बसत नाही. शेलमध्ये ५ टक्के पोटॅश धरलं, तर ६० टक्के पोटॅशच्या एक टन म्युरेट ऑफ पोटॅश या खताइतका ऐवज मिळवायला १२ टन खडक लागतो, तोही कणभर वाया न जाता. वर जळण वेगळं. इलिनॉय विद्यापीठाने १९२१ मध्ये आपल्या राज्यातल्या पोटॅशयुक्त शेलवर अहवाल काढला, पण तोवर युद्ध संपून जर्मन माल परतला होता. १९२५ मध्ये न्यू मेक्सिकोत कार्ल्सबॅडजवळ क्षारांचे थर सापडले आणि शेल मागे राहिला.

भारत आजही आपलं जवळपास सगळं पोटॅश बाहेरून आणतो. ऊस, केळी, द्राक्षं पिकवणाऱ्या महाराष्ट्राला ते किती लागतं, हे बागायतदाराला विचारावं. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेलं सांडपाणी जाळून त्या राखेतलं पोटॅश आता खत म्हणून विकलं जातं, आणि २०२१ पासून त्याला केंद्राचं अनुदानही आहे. चंद्रपूरच्या सिमेंट भट्ट्यांची धूळही एकदा या नजरेने तपासायला हवी.