“पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल”

आमच्या बीडमध्ये “तुझी पिशवी काढली का?” हे बायका एकमेकींना अगदी सहज विचारतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीसाठी ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. एक खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, त्यात अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं. आणि वर डॉक्टरची भीती: काढलं नाही तर कॅन्सर होईल.

खरंच होतो का? मी इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण वाचलं ते सांगतो.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्याची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं पेशीचे ब्रेकच निकामी करतात. तरी बहुतेक बायकांचं शरीर हा विषाणू स्वतःच घालवतं. राहिलाच, तर पेशी हळूहळू बिघडतात. पूर्ण कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. आणि तोवर ती बिघडलेली जागा गोठवून नष्ट करता येते. पिशवी जागेवरच राहते.

हे सिद्ध कुठे झालं? आपल्या शेजारी! ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल होतं. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार भाग. एकीकडे एचपीव्ही तपासणी, दुसरीकडे पॅप, तिसरीकडे व्हिनेगरसारखं आम्ल लावून डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे तपासणीची मोहीम नाही.

२००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या भागात ३४ मृत्यू, चौथ्या भागात ६४. तेही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने! त्या ६४ जणींना तपासणीविना का ठेवलं, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. कारण जगाला मिळालेल्या उत्तराची किंमत त्यांनी मोजली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली.

पण हे ज्ञान शेजारच्या बीडला पोचलं नाही. इथे पोचली फक्त भीती.

म्हणून घरी जाल तेव्हा आईला, मावशीला, वहिनीला एवढंच सांगा: तिशीनंतर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. आणि कुणी “पिशवी काढा” म्हणालं, तर आधी विचारा: “तपासणीत काय निघालं, ते दाखवा.”