उसाची गाडी आणि तिचा ब्रेक
शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाची वाहतूक लोखंडी धावेच्या बैलगाडीवरून टायरगाडीवर आणि तिथून ट्रॅक्टरच्या जोडट्रॉलीवर आली. दर बदलासोबत ओझे वाढत गेले. ते आवरण्याचे काम मात्र ओढणाऱ्याच्याच अंगावर राहिले, आधी बैलाच्या आणि मग ट्रॅक्टरच्या.

जुन्या बैलगाडीला ब्रेक असा नव्हताच. चढावर जू वशिंडाला टेकते आणि बैल अंगाच्या जोराने गाडी ओढतो. उतारावर हेच उलटे होते. मागून भार आला की जू वशिंडापासून सुटून शिंगांकडे सरकते, गळ्याखालची जुपणी आवळते आणि बैल खूर रोवून, मान ताठ करून तो भार तोलतात. गाडीवान कासरे ओढून धरतो, गाडी थांबली की चाकाला दगड लावतो. असे असूनही ही गाडी सहसा हाताबाहेर जात नसे, कारण ओझे टनाच्या आसपास असे, वाट मातीची आणि आख घासत फिरणारा. गाडीचा जडपणा हाच तिचा ब्रेक होता.

या भागात ऊस वाढला तो पाण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खडकवासल्याच्या मुठा कालव्याचे पाणी दौंडकडे आले, पुढे शिरूरला घोड आणि चासकमानच्या कालव्यांनी भिजवले. दौंड तालुक्यात केडगाव, यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळे चालत. गुऱ्हाळ शेताजवळच असल्याने गाडीचा पल्ला लहान असे. साखर कारखान्यांनी तो पल्ला वाढवला. शेजारच्या नगर जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले आणि त्या वाटेने पुढे पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी कारखाने उभे राहिले. नंतर खासगी कारखानेही आले. आता ऊस शिवाराबाहेर, डांबरी रस्त्याने, कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत न्यायचा होता.

त्यासाठी टायरगाडी आली. रबरी टायर आणि बेअरिंगचा आख यांमुळे तीच बैलजोडी दोन टनांहून जास्त ऊस ओढू लागली. ऊसतोड टोळ्यांच्या दृष्टीने हा मोठाच फायदा होता. पण जे घर्षण कमी झाल्याने गाडी ओढायला हलकी झाली, तेच घर्षण उतारावर तिला धरून ठेवत असे. ओढणे सोपे झाले, थांबवणे अवघड. टायरगाडीच्या बैलांच्या मानेवर येणारी सूज आणि घट्टे हा याच हिशेबाचा भाग आहे. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी जुवाखाली टेकू देणारे फिरते चाक बसवून दाखवले. त्याने मानेवरचे वजन कमी होते, ही फार मोलाची गोष्ट आहे. मागून येणारा रेटा मात्र त्याने थांबत नाही.

रेल्वेने हाच प्रश्न फार आधी सोडवला होता, आणि तोही दौंडच्या दारात. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि दौंड मोठे जंक्शन बनले. सुरुवातीच्या काळात आगगाडी थांबवणे म्हणजे इंजिनाचा ब्रेक आणि गार्डाच्या डब्यातला हातब्रेक, एवढेच. पुढे सगळ्या गाडीभर एकच नळी जाऊन प्रत्येक डब्याच्या चाकाला ब्रेक मिळाला. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या दाबाचा ब्रेक आणला आणि काही वर्षांतच त्यात असा बदल केला, की जोडणी तुटली तर ब्रेक आपोआप लागावा. भारतातल्या गाड्यांत पूर्वी दीर्घकाळ वापरात राहिलेला निर्वात ब्रेकही याच तत्त्वावर चालतो. डबा सुटला की नळीत हवा शिरते आणि चाके आवळली जातात. ओझ्याला स्वतःचा ब्रेक हवा आणि दुवा तुटल्यावर तो स्वतःहून लागायला हवा, या दोन्ही गोष्टी दौंड स्थानकात रोज घडत होत्या. स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर त्या पोचल्या नाहीत.

ट्रॅक्टर आल्यावर ही उणीव धोकादायक झाली. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने १९६३ पासून देशात ट्रॅक्टर बनवायला घेतले. शेतीसाठी घेतलेला ट्रॅक्टर हंगामात उसाला जुंपला जाऊ लागला. चालकाच्या उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाची वेगवेगळी. शेतात तासाच्या टोकाला एकच चाक धरून जागच्या जागी वळता यावे म्हणून ही सोय आहे. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खटक्याने जोडायची असतात. खटका लावायचा राहिला आणि घाईत एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो.

दोन टनांच्या आसपासचा ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना. चौफुल्याहून पारगावमार्गे न्हावऱ्याला जाताना भीमा ओलांडावी लागते. अशा नदीकाठच्या उतारावर ब्रेक दाबला की ट्रॅक्टर रोखला जातो, ट्रॉल्या रेटतच राहतात. पहिली ट्रॉली हुकाशी वळते, ट्रॅक्टर आडवा होतो. चढावर उलट धोका असतो. मागच्या ओढीने ट्रॅक्टरचे तोंड उचलते, किंवा पिन निसटून ट्रॉली एकटीच मागे जाते. म्हणून टोळीतला एखादा माणूस अजूनही दगड घेऊन ट्रॉलीमागे चालतो. बैलगाडीचा दगड तेवढा टिकून राहिला आहे.

ओझ्याचा ब्रेक ओढणाऱ्याच्या हाती देण्याची सर्वात पुढची तऱ्हा अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांत दिसते. फोर्डने २००५ च्या सुपर ड्युटी ट्रकात ट्रेलरच्या ब्रेकचा नियंत्रक कारखान्यातूनच बसवून दिला, नंतर इतरांनीही. पेडल जेवढे दाबावे त्या प्रमाणात सात पिनांच्या प्लगमधून वीज जाते आणि ट्रेलरच्या ड्रममधले विद्युतचुंबक चाक धरतात. तक्रारी येतात त्या बहुतेक जोडणीच्या. पिन गंजली किंवा अर्थिंग सैल झाले की ट्रेलर सुटल्याचा इशारा भर रस्त्यात येतो. विजेवर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक सुरुवातीच्या काही नियंत्रकांना ओळखता येत नसत. नियंत्रकाची वेगळी डबी असे तेव्हा ती बदलता येई; ट्रकच्या संगणकाशी बांधलेला नियंत्रक गावच्या मेकॅनिकच्या आवाक्याबाहेर जातो. महाराष्ट्रातला पिकअप सहसा माल आपल्याच हौद्यात वाहतो, त्यामुळे ही यंत्रणा इथे रुजली नाही.

उसाच्या ट्रॉलीला याहून साधे उपाय चालतात. एक म्हणजे रेट्यावर चालणारा ब्रेक: ट्रॉली पुढे रेटू लागली की दांडी आत सरकते आणि तिच्याच चाकांचा ब्रेक आवळते. दुसरा ट्रॅक्टरवरून चालणारा हवेचा किंवा हायड्रॉलिक ब्रेक. मोटार वाहन नियमांत ब्रेकसाठी १९८९ पासून स्वतंत्र नियम आहे, तरीही ट्रॉलीचा ब्रेक जपणे सोपे नाही. ट्रॉली हंगामाचे चार-पाच महिने राबते आणि पावसाळाभर उघड्यावर उभी असते. तेवढ्या काळात केबल जाम होते, ड्रमला गंज चढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोळ्या आल्या की पहिली खेप निघायची घाई असते आणि ब्रेक उघडून पाहणे मागे पडते. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा होतात. त्या गरजेच्याच आहेत, कारण अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून वाहने आदळतात. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी प्रत्येक ट्रॉलीची दांडी, पिन आणि ब्रेकही तपासता येतील, आणि वजनकाट्यावर येणाऱ्या वाहनाला ही तपासणी सक्तीची करणे कारखान्यांच्या हातात आहे.