पांढऱ्या रानाची गोष्ट

माझी चुलतबहीण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मृदशास्त्रात एम.एस्सी. करते. गेल्या मे महिन्यात ती इंदापूर तालुक्यातल्या आमच्या रानात माती उकरून पिशव्यांत भरत होती. तिचे वडील, म्हणजे आमचे तात्या, बांधावरून म्हणाले, "एवढं शिकून मातीच गोळा करायची व्हय?"

ते ओढ्याकडचं दीड एकर रान. उन्हाळ्यात मीठ सांडल्यासारखं पांढरं पडतं. आम्ही त्याला 'चोपण' म्हणतो आणि विषय सोडून देतो. मी पुण्यात कोड लिहितो. ही जमीन मुळातच खराब आहे, असं मला लहानपणापासून वाटायचं. ती म्हणाली, "नाही रे, ती खराब झालीये. कशी झाली ते शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय."

मग मी वाचायला लागलो.

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला पट्टा. 1876-77 च्या दुष्काळाने तो होरपळला. दुष्काळापासून संरक्षण म्हणून सरकारने नीरा डावा कालवा काढला. 1885 च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. वर भाटघरला धरण आणि वीरजवळ बंधारा, तिथून पाणी बारामती ओलांडून इंदापूरपर्यंत. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, गुऱ्हाळं पेटली.

पण ऊस पितो त्याहून जास्त पाणी आपण देतो. उरलेलं खाली मुरतं, शिवाय पाटही झिरपतो. आपली काळी माती चिकट, पाणी लवकर सोडत नाही. उताराच्या खालच्या रानात भूजल वर चढत जातं. उन्हाने पाणी उडून जातं, त्यातले क्षार मात्र वरच राहतात. त्यात सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पाणी आत जायचंच थांबतं. हीच चोपण.

1907 मध्ये हॅरल्ड मॅन नावाचे रसायनशास्त्रज्ञ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याआधी ते आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करत होते. त्यांनी आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करून 1910 मध्ये तो प्रसिद्ध केला. कालवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम 25 वर्षं झाली होती. पुढे 1916 मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास विभाग काढला. सी. सी. इंग्लिस या इंजिनियरांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ जमिनींच्या निचऱ्यावर काम केलं. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्याच विभागातून वाढली. मॅन यांचं कॉलेज आज बहिणीच्याच विद्यापीठाचा भाग आहे. आणि 2009 मध्ये बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. क्षारपड जमीन हाही तसाच एक ताण.

म्हणजे एका कालव्याच्या काठावर एवढं शास्त्र उभं राहिलं. मग आमचं रान अजून पांढरं का?

उपाय अवघड नाही. आधी चर काढून साचलेल्या पाण्याला वाट द्यायची. मग जिप्सम टाकायचं, म्हणजे सोडियम सुटतो. पावसाच्या किंवा गोड्या पाण्याने तो धुऊन काढायचा आणि धैंचा गाडायचा. क्रम चुकला, निचऱ्याआधीच जिप्सम टाकलं, तर पैसे वाया जातात. तात्यांनी दोनदा तेच केलं होतं.

खरी अडचण चराची आहे. पाणी द्यायला प्रत्येकाच्या रानापर्यंत चारी येते. पाणी काढायचा चर मात्र ओढ्यापर्यंत न्यावा लागतो, आणि मध्ये शेजाऱ्याचं रान असतं. वर कोणी पाट मोकळा सोडला, तर भोगतो खालचा. जमीन बिघडवणं एकट्याला जमतं, सुधारायला मात्र शिवारातल्या चार जणांची संमती लागते. मॅन यांच्या वेळचं पाणी असंच सातबारा न बघता वाहत होतं.

दिवाळीत मातीचा अहवाल आला. बहीण तो मोबाईलवर घेऊन शेजारच्या आबांकडे गेली. तात्याही पाठोपाठ गेले, काही न बोलता. आबांनी चराला होकार दिला नाही. "बघू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आले. हातात खताच्या जुन्या पिशवीत किलोभर माती होती.

"पोरी," ते म्हणाले, "हिचंबी बघ जरा."