अनवाणी चालणारा पाय

माझ्या पहिल्या प्रोजेक्टचे सॉफ्टवेअर कारकुनांनी वापरलेच नाही. ते वहीतच लिहीत राहिले. तेव्हा मी त्यांनाच नावे ठेवली. पुढे जयपूर फूटचा इतिहास वाचला आणि ओशाळलो.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांचे पेशंटही कृत्रिम पाय टाकून पुन्हा कुबड्या घेत. पाय परदेशी धाटणीचा: घोट्यात ताठ, बुटाशिवाय निरुपयोगी. आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरणार, उकिडवा बसणार, जेवायला मांडी घालणार. त्याला तो काय कामाचा?

सेठींच्या जोडीला होते रामचंद्र शर्मा. शाळा बेताचीच, पण हात अस्सल कारागिराचा. १९६८च्या सुमारास त्यांनी रबराचे पाऊल घडवले. ट्रकच्या टायरसारखे चिवट, सगळीकडे वळणारे, पाण्यात न बिघडणारे, कातडीच्या रंगाचे, बोटेसुद्धा होती! बूट नकोच.

१९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो सेठींना. शर्मांचे नाव त्या मानाने मागे राहिले, हे मला खटकते. त्याच वर्षी अपघातानंतर पाय गमावलेली मुंबईची सुधा चंद्रन १९८४ मध्ये जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम नाचली.