धार गेली नाही, वाकलीये

मागच्या महिन्यात चाकणच्या फ्लॅटवर टोमॅटो कापताना सुरी घसरली आणि बोटाला दोन टाके पडले. सुरी बोथट होती, म्हणून मी जोर लावत होतो.

लहानपणी भोसरीत धारवाला यायचा. सायकल स्टँडवर लावून पॅडल मारायचा, चाक फिरायचं, ठिणग्या उडायच्या, आजीची विळी नवी व्हायची. आता सोसायटीच्या गेटमधून त्याला आत कोण सोडतं?

या कामाचं जुनं नाव शिकलगार. मूळ शब्द अरबी, ‘सैकल’, म्हणजे घासून चकाकी आणणं. हे लोक तलवारी घासायचे, धार लावायचे. 1818 मध्ये पेशवाई संपली. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला. तलवारी गेल्या, कात्री, विळी, सुरी उरली. आडनाव मात्र आजही आपल्या आसपास आहे.

बाबा टर्नर. सुरी बघून म्हणाले, “अरे, धार गेली नाहीये, वाकलीये.” खाटकाकडे गोल पोलादी कांडी असते ना, तोच होनिंग रॉड. ती धातू फारसा काढत नाही, वाकलेली कड सरळ करते. साधारण 15 ते 20 अंशांत, हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा. कांडी म्हणजे रीस्टार्ट. धार खरंच झिजली असेल, तर दगडच लागतो, आणि तो चालवणारा हातही.

म्हणून कांडी घेतलीच, पण मंडईजवळच्या धारवाल्याचा नंबरही सेव्ह केलाय. तुमच्या एरियात कोणी आहे का? नक्की कळवा.