मेक जुने नव्हतेच

शिवाजी पेठेत उभा मारुती चौकाजवळच्या आमच्या घरी कॉलेजची पोरं सोर्समधून सॉफ्टवेअर कंपाईल करायला शिकायला येतात. परवा एकजण जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी लायब्ररी, तिची २.१७ आवृत्ती बांधत होता. कंपायलर मुद्दाम जुना, जीसीसी ४.८ ठेवलेला. कॉन्फिगर अडलं: मेक सापडत नाही किंवा फार जुने आहे. मशीनवर मेक ४.३ होते!

‘काका, मेक काढून परत टाकू?’

‘थांब. वरची ओळ वाच.’

वर छापलं होतं: ४.३, बॅड. म्हणजे आकडा बरोबर वाचला गेला होता, निवाडा चुकला होता.

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं, ते बदललेल्या फाइलीच पुन्हा कंपाईल व्हाव्यात म्हणून. पुढे युनिक्सचे इतके प्रकार झाले, की कुठल्या मशीनवर काय आहे हे आधी तपासणं भाग पडलं. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेंझी यांनी त्या तपासणीच्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करणारं ऑटोकॉन्फ सुरू केलं. उद्यमनगरातल्या कारखान्यांत जॉबला गेज लावून पास-नापास ठरवतात, तसंच हे कॉन्फिगर.

जीलिबसीचं गेज असं होतं: आवृत्ती ३.७९, ३.८ किंवा ३.९ ने सुरू झाली तर पास. २००२ चं ३.८०, २००६ चं ३.८१, २०१० चं ३.८२, सगळी त्यात बसली. जीलिबसी २.१७ डिसेंबर २०१२ ची. ऑक्टोबर २०१३ मध्ये मेक ४.० आलं आणि नापास झालं. मेकचा काडीचा दोष नव्हता.

हे पुनःपुन्हा घडलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये फ्रीबीएसडी १० आली, तेव्हा कित्येक स्क्रिप्टनी सुरुवातीचा ‘१’ पाहून तिला पहिलीच आवृत्ती मानलं आणि शेअर्ड लायब्ररी बांधल्याच नाहीत. हा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण इथे कॉन्फिगर तक्रारही करत नाही. २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं, पहिली तीनच अक्षरं वाचणाऱ्यांना ते ३.१ दिसलं.

शेवटी आमच्या पोरानं जीलिबसीच्या कॉन्फिगर फाइलीतल्या पास होणाऱ्या आवृत्त्यांच्या यादीत ‘४ ने सुरू होणारी’ एवढी भर घातली आणि कॉन्फिगर पुढे सरकलं.

म्हणून पोरांनो, चांगलं हत्यार काढून जुनं बसवू नका. आधी तपासणीची ओळ उघडून वाचा. आणि अशी ओळ स्वतः लिहाल तेव्हा आवृत्ती टिंबावर तोडा आणि प्रत्येक भाग संख्या म्हणून ताडून बघा.